पाटणकर साहेबांची आमरी

माझ्या शेरिलच्या सहाव्या वाढदिवसाला केकवरच्या मेणबत्त्या पाटणकर साहेबांनी विझवल्या. शेरिल गाल फुगवून तयार होती, माझा नवरा अलेक्स कॅमेरा डोळ्याला लावून 'वन, टू' म्हणत होता, आणि तेवढ्यात मागून एक लांबलचक हात आला. अंगठा आणि तर्जनी थुंकीने ओली केलेली. चट् चट् करत सगळ्या वाती चिमटीत धरून हात मोकळा झाला. क्षणभर कोणाला काही कळेना. मग पोरीने जे भोकाड पसरलं! "ममा, अंकल किल्ड माय कँडल्स!" पाहुणे हसावं की रागवावं ह्या घोळात. साहेबांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. "बाई, पडदा जवळ होता हो," ते मला म्हणाले. पडदा चांगला चार हात लांब होता. थुंकी लागलेला मधला तुकडा मी गुपचूप अलेक्सला वाढला. त्याला आजतागायत माहीत नाही.

असे आमचे शेजारी. आखातात, अल ऐनला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच मजल्यावर राहायचो आणि एकाच ऑफिसात जायचो. मी वसईची, ऑफिसात सेक्रेटरी. ते पाटणच्या डोंगरातले, वनखात्यात रेंजर म्हणून उभा जन्म काढून रिटायर झालेले. बायको साताऱ्याला मुलाकडे. घरी बसून नातवाला खेळवायचं वय, तर हे नव्वदच्या दशकात इथे नव्याने नोकरीला! आमच्या कंपनीला एका वादीचं कंत्राट मिळालं होतं. वादी म्हणजे डोंगरातली नदी, एरवी नुसते दगडगोटे आणि पाऊस झाला की दोन दिवस पूर. हजरच्या डोंगरातली ही वादी राखीव करायची, तिथली दुर्मीळ झाडंझुडपं सांभाळायची, असं ते काम. साहेब त्याचे फील्ड सुपरवायझर.

अंगाने उंच, काटकुळे. खात्याची नोकरी सुटली तरी खाकी शर्ट सुटला नव्हता, आणि तो इस्त्रीशिवाय कधी अंगात गेला नाही. खिशात शिट्टी. नाक सारखं वर. बिल्डिंगमध्ये कोणाच्या घरी लोबान जाळला, कोणाची चपाती करपली, तर पहिली थाप त्या दारावर साहेबांची. खालच्या मजल्यावर एक अरब कुटुंब होतं, शुक्रवारी ऊद जाळायचं. सुरुवातीला साहेब दर शुक्रवारी त्यांच्या दाराशी पाण्याची बादली घेऊन हजर. शेवटी त्या घरच्या बाईने त्यांना आत बोलावून ऊद कसा जाळतात ते दाखवलं, खजूर दिले, कॉफी पाजली. साहेब कॉफी पिऊन आले, पण बादली तिथेच विसरले की मुद्दाम ठेवून आले ते देव जाणे.

आम्ही वसईकर म्हणजे पिकनिकला गेलो की निखारे आणि मसाला लावलेली कोंबडी हवीच. साहेब यायचे, खायचेही, पण निखारे विझेपर्यंत बसायचे नाहीत. हातात पाण्याचा कॅन घेऊन शेगडीच्या वाऱ्याच्या बाजूला उभे. पोरं डोंगराला आग लागल्याचा तो आपला पळापळीचा खेळ खेळायला लागली की ह्यांच्या कपाळाला आठी. "दुसरं काही खेळा की रे. लंगडी खेळा." पोरं म्हणायची, "अंकल, इट्स जस्ट अ गेम." साहेब ऐकून घ्यायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "आगीला मालक नसतो, बाई. पेटवणारा असतो. मालक कोणी नसतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की अलेक्स गॅस पेटवताना ते म्हणून दाखवायचा.

ड्रायव्हिंग लायसन त्यांना काही मिळालं नाही. घाटात तीस वर्षं जीप चालवलेला माणूस, पण इथल्या टेस्टला बसला की नापास. आरशात बघायच्या ऐवजी डोंगराकडे बघायचे. परीक्षक पोलीस कंटाळून म्हणायचा, "खलास, बाबा, यल्ला, उतर." त्यामुळे कंपनीची गाडी नसली की शुक्रवारी आमची गाडी. वादीच्या त्या फेऱ्या अशा आमच्या पदरात पडल्या.

आगीच्या धास्तीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा गाळता गाळता. त्यांच्याकडे उन्हाळ्यात लोक डोंगर पेटवतात, नवं गवत चांगलं फुटावं म्हणून. खात्याची माणसं गवत कापून मोकळे पट्टे ठेवतात, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये. त्याला जाळरेषा म्हणतात. त्या रेषेवर तुकाराम नावाचा वनमजूर होता. वारा फिरला. साहेब ओरडत होते, तुकाराम मागं सर, मागं सर. तो कारवीच्या झाडीत सापडला. साहेबांनी त्याला खांद्यावर घेऊन खाली आणला. "माणूस इतका हलका होतो, बाई," ते म्हणाले आणि चहा न पिताच गेले. त्यानंतर मी त्यांच्या बादलीला हसले नाही.

तर वादी. पहिल्यांदा आम्ही तिथे गेलो ते फेब्रुवारीत. गाडी ठेवून अर्धा तास गोट्यांतून चाल, माझ्या सँडलचा पट्टा तुटला, मी मनातल्या मनात साहेबांचा उद्धार करत होते. वळणावर एक मोठा कातळ पुढे आलेला, त्याच्या पोटातून पाणी झिरपत होतं. सगळा डोंगर भाजलेल्या विटेसारखा आणि तेवढीच भिंत ओली, हिरवी. त्या ओलीत गुडघ्याएवढी झाडं आणि त्यांना हिरवट-तपकिरी, नखाएवढी फुलं. मला तर ती फुलं आहेत हेही आधी कळलं नाही.

साहेबांनी बूट काढले. मोजे काढले. अनवाणी पुढे गेले आणि चिखलात गुडघे टेकले. "आमरी! अहो बाई, ही आमरी!"

"म्हणजे काय हो?"

"ऑर्किड! आपल्याकडे पावसात सड्यावर येते ना, तिची बहीण. आणि इथे बघा, ह्या भट्टीत! सबंध मुलखात रानातलं ऑर्किड म्हणून हे एवढंच." मग खाली वाकून त्या झाडाशी बोलायला लागले, अगदी साताऱ्याकडच्या बोलीत. "तू गं कशी आलीस हितं? कुणासंगं आलीस?"

अलेक्स मला कोपर मारून म्हणाला, "एवढ्यासाठी दोन तास गाडी मारली?" मी म्हटलं, गप्प बस. मला त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता, इतका आनंद होता त्यावर. परदेशात एकटा राहणारा माणूस सख्ख्या बहिणीला अचानक भेटावा, तसा.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत आमच्या दारावर थाप. "बाई, पाहुणी आली!" आणि हातावर खडीसाखर. ती साताऱ्याहून खास मागवलेली असायची.

त्या वादीत सालिम नावाचा एक म्हातारा होता. त्याची थोडी खजुराची झाडं, बकऱ्या, दगडी खोपटं. तरुणपणी गलबतावरून मुंबईला जाऊन आलेला, त्यामुळे हिंदी झकास. "बम्बई देखा, भिंडी बाजार देखा, सब देखा," हे तो प्रत्येकाला सांगायचा. पाणी झिरपतं तिथे बोरू वाढायचा, माणसाच्या दुप्पट उंच, ज्याच्या पूर्वी लेखण्या करायचे तो. दर हिवाळ्यात सालिम तो वाळलेला बोरू पेटवून द्यायचा. त्याचा बापही पेटवायचा. त्याचं साधं गणित: बोरू जळला की पाण्यापर्यंत वाट मोकळी आणि कोवळे कोंब बकऱ्यांना.

साहेबांना हे माहीतच नव्हतं. पुढच्याच हिवाळ्यात आम्ही पोचलो तेव्हा सालिमने नुकती काडी लावली होती. साहेबांनी धूर बघितला आणि त्या वयात त्या गोट्यांवरून जे पळत सुटले! अंगातला कोट काढून पाण्यात बुडवला आणि आगीवर बडव बडव बडवला. तोंडाने शिव्या. मी वसईची, मला शिव्या नवीन नाहीत, पण पाटणच्या डोंगरातल्या शिव्या मी त्या दिवशी ऐकल्या. शेरिलचे कान झाकले, तर ती म्हणते, "ममा, आय डोन्ट अंडरस्टँड एनीवे."

सालिम काठीवर हनुवटी टेकून बघत होता. आग विझल्यावर त्याने विचारलं, "क्यूं बुझाया, भाई?"

"फूल जल जाता, बाबा! फूल!"

"कौन सा फूल?"

साहेबांनी त्याला हाताला धरून आमरीच्या नुकत्याच वर आलेल्या कोंबांपाशी नेलं. त्याने वाकून पाहिलं, खांदे उडवले. "ये? ये तो बकरी भी नहीं खाती."

साहेबांना संताप आवरेना. आठवड्यात त्यांनी मॅनेजरची गाठ घेतली. मॅनेजर जॉर्ज, लेबनॉनचा, गोड बोलणारा. साहेबांनी त्याच्यासमोर असं काही भाषण केलं की वनखात्यातल्या कुठल्याच बैठकीत केलं नसेल. मी मिनिट्स घेत होते, माझी पेन्सिल थांबली. एक आग, एक वारा, आणि ही जात ह्या देशातून कायमची गेली, तुम्ही जबाबदारी घेणार का? जॉर्ज घाबरला. आगीवर बंदी आली. दुबईला, अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये साहेबांनी स्वतः उभं राहून लोखंडी पाट्या करून घेतल्या, अरबी, इंग्रजी आणि उर्दूत. तारेचं कुंपण आलं, पहारेकरी आला. सालिमला बकऱ्यांसाठी चारा मिळायला लागला, पुढे सरकारी वस्तीत घर मिळालं, मुलांनी त्याला खाली नेलं. सगळ्यांचं भलं झालं असंच मला वाटलं. साहेब तर दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले.

पुढच्या फेब्रुवारीत पाहुणी आली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली, पण थोडी कमी. "पाऊस कमी झाला," साहेब म्हणाले. मग आणखी कमी. "बकऱ्या घुसतात." कुंपण उंच केलं. पुन्हा कमी. "माणसं तुडवतात." सहली बंद झाल्या, आम्हालासुद्धा कुंपणाबाहेर थांबायला लावलं. मी चिडले होते. पेट्रोल आमचं, गाडी आमची, आणि आम्हीच बाहेर! उन्हाळ्यात ते कॅनने पाणी वाहून घालायचे, जिथे मुळातच पाणी झिरपतं तिथे. बोरू मात्र फोफावला होता. कातळ दिसेनासा झाला. खाली वाळक्या पानांची गादी, वर हिरवी भिंत, वारा आला की सळसळ. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकावर त्याचाच फोटो आला. साहेबही कौतुकाने म्हणायचे, "बघा बाई, आग नाही तर रान कसं होतं."

आणि आमरी? एका वर्षी दारावर थाप पडलीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "उशीर होतोय यंदा." मार्च गेला, एप्रिल गेला. पाहुणी आली नाही.

त्या पुढच्या हिवाळ्यात दुबईहून आलेली चार पोरं कुंपणावरून आत उतरली, कबाब भाजायला. ठिणगी उडाली, बोरूचा एक कोपरा पेटला. साहेब नेमके तिथे होते. त्यांनी आणि पहारेकऱ्याने मिळून ती आग विझवली. घरी आले तेव्हा भुवया जळलेल्या, खोकला थांबत नव्हता. पोरांना पोलिसांच्या ताब्यात देऊन आले होते. "पाचशे दिरहॅम दंड, म्हणजे पाच हजार रुपयांच्या घरात. काहीच नाही हे! आत टाकायला पाहिजे होतं एकेकाला!" मी त्यांना हळदीचं दूध दिलं. ते हातात धरून कितीतरी वेळ तुकारामाबद्दल बोलत राहिले.

फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला वादीला न्यायला सांगितलं, आणि त्या दिवशी आत येऊ दिलं. पुढे ते, मागे मी. बोरूला वळसा घालून त्या जळक्या कोपऱ्याशी आलो आणि मी ओरडलेच, "साहेब! पाहुणी आली की हो!"

काळ्या राखेतून, कातळाच्या कडेने, आमरी उभी होती. एक नाही, चांगली दहा-बारा. फुलांनी भरलेली. मला वाटलं हा माणूस आता नाचणार. ते खडकावर बसले. बूट काढले नाहीत.

"बाई, जिथं जळलं तिथंच आलीय."

"अहो, पण आली ना?"

"बाकी सगळीकडं बघितलं मी. बोरूत शिरून बघितलं. कुठं नाही. फक्त इथं." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "तिचं मूळ जमिनीत असतं. हिवाळ्यात वर असतात ते नुसते कोंब, जळले तरी खालनं परत फुटतात. म्हातारा बोरू जाळायचा, हिला ऊन मिळायचं, जागा मिळायची. मी आग बंद केली. इतकी वर्षं ती माझ्या बोरूखाली गुदमरतीय आणि मी वरनं पाणी घालतोय."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत होतं?"

"रेंजर होतो ना मी?" ते म्हणाले.

त्या दिवसापासून साहेबांनी जे सुरू केलं ते बघून मला रडू यायचं. आधी विळा घेऊन बोरू कापायला गेले, दोन मजूर घेऊन. महिन्याभरात कापला त्याच्या दुप्पट फुटला, आणि वर कोणीतरी जॉर्जकडे तक्रार केली की सुपरवायझर हिरवळ तोडतोय. मजूर काढून घेतले. मग साहेब जॉर्जच्या केबिनमध्ये, थोडा भाग जाळायची परवानगी द्या म्हणून. दार उघडं होतं, माझ्या टेबलावर सगळं ऐकू येत होतं.

"हबीबी," जॉर्ज म्हणाला, "बंदी तू आणलीस. पाट्या तू लावल्यास. आता मी वर जाऊन काय सांगू, आमचा रेंजर आग लावू इच्छितो?"

"माझी चूक झाली म्हणून सांगा. माझं नाव घालून सांगा."

"चूक? अरे, सगळे खूश आहेत! केवढं हिरवं झालंय! इन्शाल्ला, पुढच्या वर्षी बघू."

इन्शाल्ला म्हटलं की काम झालं नाही असं समजायचं, हे आम्हाला इथे पहिल्या वर्षातच कळतं. साहेबांना इतक्या वर्षांनी कळलं. ते वरच्या सरकारी खात्यात गेले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने आदराने बसवलं, चहा दिला आणि साहेबांचंच जुनं भाषण साहेबांना ऐकवलं. एक आग, एक वारा, आणि जात कायमची गेली. इतकं चांगलं पटवलं होतं त्यांनी सगळ्यांना!

मग सालिम आठवला. आम्हीच त्यांना त्याच्या नव्या घरी घेऊन गेलो. म्हातारा एसीच्या खोलीत गादीवर पडून होता, पायांत बळ नव्हतं. साहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले. "बाबा, माफ करो. तुम सही था, मैं गलत था. अपने बेटों को बोलो, एक बार जला दें. उनको कोई नहीं रोकेगा, उनके बाप-दादा की जगह है."

सालिम हसला. "किसके लिए जलाएगा, भाई? बकरी तो बेच दिया." मुलगा दारात उभा होता. तो नम्रपणे म्हणाला, "अंकल, मम्नू है," म्हणजे मनाई आहे. पाटीवरचाच शब्द तो. मला सालिमचा रागही येईना. त्याला फूल कधी दिसलंच नव्हतं, त्याने ते वाचवलंही नव्हतं आणि मारलंही नव्हतं.

वर्ष उलटलं. जळका कोपराही बोरूने भरून गेला. साहेबांचं वय झालं म्हणून व्हिसा पुढे वाढणार नव्हता. शेवटच्या जानेवारीत एका गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या दारात आले. "बाई, काडेपेटी आहे का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ह्या माणसाच्या घरात देवासमोर दिवासुद्धा विजेचा होता.

अलेक्स नको नको म्हणत होता. "पकडले गेलो तर व्हिसा खलास, साहेब! पोरीची शाळा आहे!" साहेब म्हणाले, "तुम्ही गाडीतच बसा. सोडा फक्त." शेवटी मीच म्हटलं, चला. दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी आम्ही पोचलो, कारण पहारेकरी तेव्हा खालच्या मशिदीत जायचा. अलेक्स आणि शेरिल बाभळीच्या सावलीत गाडीत थांबले, आणि मी साहेबांच्या मागे निघाले, कारण त्यांना एकट्याला जाऊ देववेना.

साहेबांनी सगळी तयारी केली होती. वारा बघितला, मूठभर माती उडवून. कुठून पेटवायचं, कुठे थांबेल, सगळं मला समजावलं. एक भिजवलेलं पोतं बाजूला ठेवलं, "असावं जवळ" म्हणून. मग काडी ओढली. दोन काड्या मोडल्या. तिसरी लागली.

वाळका बोरू तो, बघता बघता भडकला. साहेब शांत उभे होते. चेहऱ्यावर थोडं हसूसुद्धा होतं. मी मनात हेल मेरीची प्रार्थना म्हणत होते. मग आतल्या कांड्या तडातड फुटायला लागल्या, बंदुकीसारख्या. धूर जरा आमच्याकडे वळला, फार नाही, जरासाच.

"तुकाराम!" साहेब ओरडले. "मागं सर! तुकाराम, मागं सर रं!"

आणि पोतं उचलून तुटून पडले. मी ओरडले, "साहेब, जळू द्या! अहो, जळू द्या!" त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं. मी त्यांचा शर्ट मागून धरला, तर त्यांनी मला असं झिडकारलं की मी गोट्यांत बसले. उभ्या जन्माची सवय ती. कुठे मारायचं, कसं तुडवायचं, सगळं त्या हातापायांना पाठ. एवढी मोठी आग त्या म्हाताऱ्या माणसाने एकट्याने बघता बघता विझवली. एखादी खाट मावेल एवढीच जागा काळी झाली होती, तीही कातळापासून लांब, जिथे आमरी कधी नव्हतीच.

मग ते भानावर आले. धुराकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मी विझवली?" त्यांनी मला विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं विचारलं. मी मान हलवली. काडेपेटी पायाखाली चिखलात गेली होती. खालून पहारेकरी ओरडत येत होता. साहेबांनी त्याला सांगितलं, आग दिसली म्हणून विझवली. खोटं तरी कुठे होतं ते? पहारेकऱ्याने त्यांना सलाम ठोकला.

महिन्याभराने निरोप समारंभ झाला. जॉर्जने ऑफिस सजवलं होतं, समोसे होते, केक होता. वरच्या खात्याचा तो तरुण अधिकारीही आला. भाषणात त्याने सांगितलं, मिस्टर पाटणकरांनी म्हातारपणी जिवावर उदार होऊन दोनदा वादी आगीतून वाचवली. टाळ्या पडल्या. मग चमकत्या कागदात गुंडाळलेली मोठी भेट आली. साहेबांनी कागद सोडवला. सोनेरी चौकटीत वादीचा फोटो होता, हिरवागार बोरू, काठोकाठ, कातळाचा एवढासाही भाग दिसत नव्हता. खाली साहेबांचं नाव आणि 'गार्डियन ऑफ द वादी'. मला तिथून उठून जावंसं वाटलं. साहेब उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला, "थँक यू" म्हणाले आणि बसले.

दुबईच्या विमानतळावर आम्हीच सोडायला गेलो. त्या वर्षी फेब्रुवारीत ते वादीला गेले नव्हते, मी आणि अलेक्स जाऊन आलो होतो. काय दिसलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावरून त्यांना कळलंच असेल. सामान जेमतेम एक बॅग. ती चौकट मात्र बॅगेत मावत नव्हती, काखेत धरली होती. काउंटरवरची मुलगी फोटो बघून म्हणाली, "सो ग्रीन! इज इट युअर व्हिलेज, अंकल?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, द्या इकडे ते. मी टाकून देते कुठेतरी. कशाला ते ओझं न्यायचं?"

"नको, बाई."

"अहो, घरी कोणाला दाखवणार आहात?"

"दाखवायला नाही." त्यांनी चौकट दोन्ही हातांनी नीट धरली. "ती तिथं, ह्या बोरूच्या खाली आहे ना. ह्याच्याशिवाय माझ्याकडं तिचा फोटोच नाही."

मग पासपोर्ट दातात धरून, ती चौकट छातीशी सांभाळत, ते रांगेतून आत गेले.